त्वचेची साक्ष आधी, रक्ताची दोन शतकांनी

१/ १७५३. नेपल्सचे वैद्य कार्लो कुर्झिओ यांनी एका तरुणीच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची त्वचा इतकी ताठरली होती की तोंड उघडणेही कठीण झाले होते. हीच सिस्टिमिक स्क्लेरोसिसची जुनी, बहुचर्चित नोंद.

२/ पुढील दोनशे वर्षे निदानाची भिस्त डोळ्यांवर आणि स्पर्शावरच राहिली. थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याचे लक्षण मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये नोंदवले. या व्याधीत बहुधा तेच सर्वांत आधी दिसते.

३/ १९५७ च्या सुमारास रक्तही बोलू लागले. रुग्णाचे सीरम पेशींवर सोडायचे, त्यावर चकाकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे घालायची. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक उजळले, तर शरीराने स्वतःविरुद्धच शस्त्र उपसले आहे. हीच एएनए चाचणी.

४/ त्याच वर्षी मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था त्यातूनच घडली. स्वयंप्रतिरक्षा विकारांतील प्रतिपिंडांवर तेथे संशोधन होते.

५/ मात्र एएनए निरोगी माणसांतही आढळते. नेमकी खूण १९७९ मध्ये एससीएल-७० आणि १९८० मध्ये सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंडांनी दिली. पहिले आढळल्यास फुप्फुसे कठीण होण्याचा धोका अधिक. दुसरे बहुधा मर्यादित प्रकारात सापडते.

६/ २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ९ गुण लागतात. प्रतिपिंडांना फार तर ३. दोन्ही हातांच्या बोटांची जाड झालेली त्वचा मुळाच्या सांध्यांपलीकडे पोहोचली असेल, तर तिला एकटीलाच ९!

७/ म्हणूनच देवळाली प्रवरासारख्या गावी, प्रयोगशाळा दूर असली तरी, हिवाळ्यात पांढरी पडणारी बोटे वेळीच ओळखणारा डॉक्टर फुप्फुसे वाचवू शकतो. कोणती चाचणी मागवायची, हे त्या बोटांवरूनच ठरते.