'पेटी डिव्हिजन' म्हणजे काय? मुळशीच्या जुन्या कागदांतील इंग्रजी शब्दाचा अर्थ

ब्रिटिशकालीन इंग्रजी कागदपत्रांत पुणे जिल्ह्यातील मुळशीचा उल्लेख हवेली तालुक्यातील 'पेटी डिव्हिजन' असा सापडतो. आजच्या इंग्रजीत 'पेटी' म्हणजे क्षुल्लक किंवा कोत्या मनाचा. त्यामुळे इंग्रजांनी मुळशीला तुच्छ लेखले, असा समज सहज होऊ शकतो. पण येथे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

मूळ अर्थ काय?

'पेटी' हा शब्द फ्रेंचमधील 'लहान' या अर्थाच्या शब्दावरून इंग्रजीत आला. सुरुवातीला त्यातून फक्त आकार किंवा दर्जा समजत असे. तुच्छतेची छटा नंतर चिकटली आणि जुना अर्थ वापरातून गेला. काही जोडशब्दांत तो अजून टिकून आहे:

- पेटी कॅश : कार्यालयातील किरकोळ खर्चाची रोकड
- पेटी ऑफिसर : नौदलातील एक हुद्दा
- पेटी कॉन्ट्रॅक्टर : मुख्य ठेकेदाराकडून कामाचा काही भाग घेणारा पोटठेकेदार

यांपैकी कशाचाही मराठीतल्या पेटीशी, म्हणजे खोक्याशी, संबंध नाही.

मग 'पेटा' म्हणजे काय?

पेटा म्हणजे तालुक्याचा पोटविभाग. तालुक्याचा कारभार मामलेदार पाहत असे, तर पेट्याचा महालकरी. यालाच इंग्रजीत 'पेटी डिव्हिजन' म्हणत. 'पेटा' आणि 'पेटी' यांच्या उच्चारातले साम्य हा योगायोग आहे. पेटा हा आपल्या महसुली भाषेतला शब्द आहे. काही ठिकाणी तो 'पेठा' असाही लिहिलेला दिसतो, पण बाजारपेठेशी किंवा मिठाईशी त्याचे नाते नाही.

'मुळशी पेटा' हे नाव गाजले कशामुळे?

टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी मुळा-नीला संगमाजवळ धरण बांधायला घेतले. त्यात मावळ्यांची भातशेती आणि घरे बुडणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. या लढ्यामुळे पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. लढा सुमारे तीन वर्षे चालला, तरी धरण झालेच. त्या काळच्या लेखनात या भागाचे नाव 'मुळशी पेटा' असेच येते.

हे आज माहीत असणे का गरजेचे?

पुढे मुळशी स्वतंत्र तालुका झाला. त्याचे मुख्य ठिकाण पौड आहे. पण धरणाआधीच्या कागदांत 'तालुका मुळशी' शोधून भागत नाही. तेथे 'पेटा मुळशी, तालुका हवेली' असे पाहावे लागते. जी गावे पाण्याखाली गेली, त्यांच्या जमिनीच्या खुणा आता मुख्यतः अशा कागदांतच उरल्या आहेत. तो शोध घेणाऱ्या कुटुंबांना हा एक जुना शब्द ठाऊक असला, तर योग्य दप्तर उघडता येते.