सुरखी, राख आणि सिमेंट

मद्रासला १९०४ मध्ये शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला, पण तो तगला नाही. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले आणि या उद्योगाचा भारतातील सलग इतिहास सुरू झाला. त्यात उत्पादन, टंचाई, नियंत्रण यांच्या नोंदी विपुल आहेत. धुराड्यातून आणि खाणीतून काय बाहेर पडले, याची नोंद मात्र फार उशिरा सुरू झाली.

धूळ निदान डोळ्यांना दिसते. आसपासच्या पिकांवर आणि छपरांवर तिचे थर बसत. पुढे धुराड्यांना गाळण्या बसवल्यावर तिला बराच आळा बसला. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. एक टन शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की ५६० किलो चुना उरतो आणि ४४० किलो वायू हवेत जातो. भट्टीत कोळशाऐवजी कितीही स्वच्छ इंधन घातले तरी हा वायू निघणारच, कारण तो दगडातच आहे. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. तेव्हा भाजलेल्या चुनखडीचा क्लिंकर सिमेंटमध्ये किती कमी घालता येईल, हा कळीचा प्रश्न ठरतो.

त्याचे एक उत्तर आपल्या जुन्या गवंड्यांच्या हाती होते. प्रश्न मात्र त्यांना पडलेला नव्हता. ते चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळत. भाजलेल्या मातीतील सिलिका व अ‍ॅल्युमिना पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी संयोग पावतात आणि गिलावा दगडासारखा होतो. हेच तत्त्व स्वातंत्र्यानंतर धरणांत उतरले. भाक्राच्या काँक्रीटमध्ये भाजलेल्या शेल खडकाची पूड पडली, तर रिहंदमध्ये सुमारे १५ टक्के सिमेंटची जागा कोळशाच्या राखेने घेतली. यामागे पर्यावरणाचा विचार नव्हता. सिमेंट वाचवायचे होते आणि एवढे काँक्रीट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता आवरायची होती.

टंचाईच्या काळात धुराची चर्चा कोण करणार? सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या आरोपांमुळे १९८२ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, इतके ते दुर्मीळ होते. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले आणि उत्पादन झपाट्याने वाढले. दुसरीकडे औष्णिक वीजकेंद्रांभोवती राखेचे तलाव पसरत होते. १९९९ मध्ये केंद्र सरकारने राखेच्या वापरासाठी अधिसूचना काढली. भारतीय मानकानुसार राखेच्या पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. ‘राख मिसळलेले’ म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणारे ग्राहक आजही भेटतात. वास्तविक त्याची ताकद सावकाश वाढते, एवढाच फरक.

पण कोळसा कमी जाळायचा ठरला तर राखही कमी पडणार. म्हणूनच लोझान, क्युबा आणि दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी विकसित केलेले ‘एलसी३’ महत्त्वाचे. त्याच्या एका प्रचलित मिश्रणात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. क्लिंकरला सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमान लागते, या मातीला ८०० च्या आसपास पुरते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्याचे मानक प्रसिद्ध केले. सुरखीच परतली म्हणा, फक्त प्रयोगशाळेतून.

हे झाले वायूचे. खाणीचा हिशेब निराळा असतो. मेघालयातील नोंगट्राई येथील चुनखडी १७ किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून बांगलादेशातील छातक येथील कारखान्यात जाते. ती जमीन वन नसल्याचे आधी दाखवले गेले होते; वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये खाणकाम थांबले. जुलै २०११ मध्ये गावाच्या दरबारची संमती विचारात घेऊन न्यायालयाने ते अटींवर पुन्हा सुरू करू दिले. दर टनामागे ९० रुपये स्थानिकांच्या आरोग्य, शिक्षण, शेती अशा कामांसाठी ठेवण्याची अट त्यांत होती. २०१५ पासून देशभरच्या खाणपट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते.

‘एलसी३’मुळे चुनखडीची खाण कमी खोल जाईल, आणि भट्टीत चालत नाही म्हणून टाकून दिलेला हलका दगडही कामी येईल. पण त्याला लागणारी केओलिनयुक्त माती गुजरात, राजस्थान अशा राज्यांतल्या जमिनीतूनच उपसावी लागेल, आणि तिथेही गावे आहेत.