एकाच मंडळींत ५४ वर्षें



पुढारीपणाचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर सेनापति, मुत्सद्दी किंवा हजारोंची सभा गाजविणारा वक्ता उभा राहतो. एखाद्या पेठेंतील लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक सहसा कोणाला आठवत नाहीं. तथापि त्याच्या कामांत एक अडचण अशी आहे कीं ती सेनापतीलाहि नसते. सेनापतीची लढाई केव्हांतरी संपते. वक्ता टाळ्या घेऊन दुसऱ्या गांवीं जातो. पाळकाला मात्र ज्याच्याशीं काल कडाक्याचा मतभेद झाला, त्याच्याच मुलाचा बाप्तिस्मा उद्यां करावयाचा असतो आणि परवां त्याच्याच घरीं अंत्यविधीस उभें राहावयाचें असतें. माणसें तींच, मंदिर तेंच, आणि दर रविवारीं पुन्हां तोंड दाखविणें आहेच! अशा स्थितींत तत्त्व न सोडतां माणसें कशीं राखावींत, हें ज्यांनीं आपलें उभें आयुष्य एका ठिकाणीं वेंचलें त्यांनाच विचारावें. अशांपैकीं एकाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

इंग्लंडांतील केंब्रिज येथें होली ट्रिनिटी नांवाचें जुनें उपासनामंदिर आहे. तेथें १७८२ पासून १८३६ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षें, चार्लस सिमियन हे एकच पाळक होते. त्यांचा जन्म १७५९ सालीं रेडिंग येथें एका सधन कुटुंबांत झाला. ईटनच्या शाळेंतून १७७९ सालीं ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत आले. तेथें येतांच प्रभुभोजनास हजर राहण्याची कॉलेजची सक्ति त्यांच्यापुढें आली. उंची कपडे आणि घोडे यांचा शौक असलेल्या या तरुणास आपण त्या विधीस पात्र नाहीं याची टोंचणी लागली. त्या तयारीसाठीं केलेल्या वाचनांतून, त्याच वर्षीच्या ईस्टरच्या सुमारास, त्यांचें जीवन पालटलें.

१७८२ च्या उन्हाळ्यांत दुसऱ्या एका मंदिरांतील पाळक परगांवीं गेले असतां सिमियन यांनीं त्यांच्या जागीं काम पाहिलें. तेथें इतकी गर्दी होऊं लागली कीं, मूळ पाळक परत येतांच मंदिरांतील कारकुनानें, आतां तरी जरा जागा होईल, म्हणून समाधान व्यक्त केलें, असें सांगतात. त्याच वर्षीं होली ट्रिनिटीची जागा रिकामी झाली. मंडळीच्या लोकांना तेथील साहाय्यक पाळक हॅमंड हे हवे होते. पण नेमणुकीचा अधिकार ईलीच्या बिशपांचा होता, आणि सिमियन यांच्या वडिलांनीं त्यांजकडे मुलासाठीं शब्द टाकला होता. बिशपांनीं तेवीस वर्षांच्या सिमियन यांस नेमलें. लोकांना नको असलेला पाळक त्यांच्या माथीं बसला!

लोकांचा रोष समजण्याजोगा होता. त्यांनीं तो व्यक्तहि केला. त्या काळीं इंग्लंडांतील मंदिरांत बसण्याच्या जागा म्हणजे दार असलेले लाकडी कप्पे असत आणि ते घराण्याघराण्यांचे हक्काचे समजले जात. त्या घराण्यांनीं आपापल्या कप्प्यांना कुलपें लावलीं आणि तीं मंदिरांत येईनाशीं झालीं. उपदेश ऐकावयास येणारे गोरगरीब मधल्या वाटेंत उभे राहत. सिमियन यांनीं पदरचे पैसे खर्चून मोकळ्या जागेंत बाकें ठेवलीं; मंडळीच्या कारभाऱ्यांनीं तीं बाहेर आवारांत फेंकून दिलीं. दुपारच्या व्याख्यानासाठीं वक्ता निवडण्याचा अधिकार लोकांच्या हातीं होता. त्यांनीं तें व्याख्यान हॅमंड यांस दिलें, त्यांच्यामागून आणखी एकास दिलें, पण आपल्या पाळकास दिलें नाहीं. कांहीं विद्यार्थी टवाळीसाठीं येत, दंगा करीत, खिडक्यांवर दगड मारीत.

आतां या प्रसंगीं सिमियन यांनीं काय केलें? कप्प्यांना कुलपें ठोकणें कायद्यानें टिकणारें नव्हतें, आणि हें त्यांना ठाऊक होतें. कज्जा केला असता तर निकाल बहुधा त्यांच्या बाजूनें लागला असता. पण न्यायालयाच्या हुकुमानें उघडलेल्या कप्प्यांत बसणारा मनुष्य कोणत्या मनानें बसला असता? प्रभूच्या सेवकानें भांडूं नये, हें शास्त्रवचन त्यांनीं स्वतःस वारंवार बजावलें. निम्मीच माणसें आलीं, पण त्यांना दुप्पट लाभ झाला, तर एकंदरींत नुकसान नाहीं, असा हिशेब त्यांनीं मनाशीं मांडला. मग पेठेंतील घरोघर जाण्याचा क्रम त्यांनीं ठेवला. त्यांत आपल्या पंथाचा कोण आणि परपंथाचा कोण हा भेद केला नाहीं. १७८८ च्या सुमारास महागाई झाली, तेव्हां गरिबांना निम्म्या किंमतीत भाकरी मिळावी अशी व्यवस्था त्यांनीं शहरांत आणि भोंवतालच्या २४ खेड्यांत लावून देण्यास पुढाकार घेतला. आणि भटारी ठरल्याप्रमाणें भाकरी देतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दर आठवड्यास स्वतः घोड्यावर बसून ते खेड्यांतून फिरत. ज्यांनीं मंदिरांत बाकें राहूं दिलीं नाहींत त्यांना हा घोडेस्वार रस्त्यांत दिसतच होता.

शेवटीं १७९४ सालीं दुपारच्या व्याख्यानाची जागा पुन्हां रिकामी झाली. या वेळीं लोकांनीं सिमियन यांचीच निवड केली. बिशपांच्या एका पत्रानें पद मिळालें होतें. लोकांची संमति मिळावयास बारा वर्षें लागलीं. माझ्या मतें साऱ्या हकीकतीचें मर्म येथें आहे. सनद वरून येते, पण विश्वास खालून चढतो, आणि त्याची चढण फार मंद असते. आज ज्या मंडळींत पाळक दोन-तीन वर्षांत कंटाळून निघून जातात, किंवा मंडळीच त्यांना कंटाळते, त्यांनीं हे बारा वर्षांचे आंकडे डोळ्यांपुढें ठेवावे.

परंतु नुसतें टिकून राहणें हाच गुण, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. बरींच वर्षें एका जागीं राहिलेला मनुष्य त्या जागेचा मालक होऊन बसतो, हाहि अनुभव आहे. सिमियन यांना हा धोका थोडा नव्हता, कारण ते स्वभावानें तापट व मानी होते. एकदां एका स्नेह्याच्या घरीं नोकरानें शेगडीचा विस्तव नीट हालविला नाहीं, म्हणून ते त्याच्यावर संतापून उठले. स्नेह्यानें युक्ति केली. जणूं नोकरानेंच लिहिलें आहे असें एक पत्र त्यानें सिमियन यांच्या सामानांत ठेवलें. मनोनिग्रहावर उपदेश करणाऱ्यास स्वतःच्या रागावर ताबा कसा नाहीं, असा त्यांत सवाल होता. सिमियन यांनीं उत्तर लिहिलें, अपराध कबूल केला, आणि सहीच्या जागीं स्वतःस अभिमानी व रागीट असें नांव घेतलें. राग त्यांना शेवटपर्यंत पुरता सुटला नसेल. पण चूक दाखविणारा मित्र त्यांनीं तोडला नाहीं. दीर्घकाळ अधिकारावर राहणाऱ्यास अशा मित्राची गरज इतरांहून अधिक असते.

दुसरा उपाय त्यांनीं असा केला कीं, आपलें काम त्यांनीं स्वतःपाशीं कोंडून ठेविलें नाहीं. कॉलेजच्या नियमाप्रमाणें ते अविवाहित राहिले आणि तेथील खोल्यांतच त्यांनीं आयुष्य घालविलें. त्या खोल्यांत शुक्रवारीं सायंकाळीं तरुण विद्यार्थी जमत. चहा चाले आणि ज्याला जें विचारावयाचें तें तो विचारी. उपदेश कसा रचावा याचाहि वर्ग ते घेत. पुढें आपल्या उपदेशांचे २,५३६ आराखडे त्यांनीं २१ खंडांत छापून काढले. १८०७ सालीं त्यांचा आवाज बसला आणि सुमारें तेरा वर्षें तो क्षीणच राहिला. ज्याचें सारें काम आवाजावर चालतें त्याला ही केवढी आपत्ति! पण तोंपर्यंत मंडळी एकाच कंठावर अवलंबून राहिली नव्हती. तींत सुमारें वीस-वीस जणांचे लहान गट होते आणि पाळकाच्या हाताखालीं सहपाळक तयार झाले होते.

त्या सहपाळकांचा संबंध हिंदुस्थानाशीं येतो. हेन्री मार्टिन हे त्यांच्याच हाताखालून निघून १८०६ सालीं कलकत्त्यास आले. नव्या कराराचें उर्दू आणि फारसी भाषांतर त्यांनीं केलें. १८११ सालीं इराणकडे जातांना ते मुंबईस थांबले होते. आणि १८१२ सालीं तोकात येथें वयाच्या एकतिसाव्या वर्षीं वारले. त्यांची तसबीर सिमियन यांच्या खोलींत शेगडीच्या वर टांगलेली असे, आणि ती आपणांस हयगय न करण्याची ताकीद देते असें त्यांना वाटे. दुसरे सहपाळक टॉमस टॉमसन कलकत्त्यास आले. त्यांचा मुलगा जेम्स विलायतेंत सिमियन यांच्या देखरेखीखालीं वाढला, आणि तोच पुढें वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. रुडकीच्या सुप्रसिद्ध एंजिनियरिंग कॉलेजास त्याचें नांव देण्यांत आलें होतें. १७९९ सालीं निघालेल्या ज्या चर्च मिशनरी सोसायटीच्या स्थापनेंत सिमियन यांचा वाटा होता, तिचें काम १८३२ पासून आपल्या नाशिकास सुरू झालें. सिमियन स्वतः मात्र केंब्रिज सोडून गेले नाहींत.

त्यांच्या चरित्रांत एक विसंगति आहे, ती झांकूं नये. स्वतःची नेमणूक वरून झाल्यामुळें किती मनस्ताप झाला हें भोगलेल्या या मनुष्यानें उत्तर आयुष्यांत अनेक मंडळींचे नेमणुकीचे अधिकार विकत घेऊन ते विश्वस्तांच्या हातीं दिले. ओळख, भीड किंवा थोरामोठ्यांची शिफारस न पाहतां केवळ लोकांचें हित पाहून पाळक नेमावा, अशी त्यांनीं विश्वस्तांना सक्त आज्ञा घातली. हेतु शुद्ध होता. तरी लोकांना न विचारतां लोकांचें हित ठरविण्याचा तो मार्ग होता, हें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. मोठ्या माणसांच्या गुणांबरोबर त्यांचे न सुटलेले प्रश्नहि आपल्या वारशांत येतात.

१३ नोव्हेंबर १८३६ रोजीं सिमियन वारले. किंग्ज कॉलेजच्या उपासनामंदिरांत त्यांना पुरण्यांत आलें. तेथील फरशीवर त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें आणि साल, एवढेंच कोरलेलें आहे. अंत्ययात्रेचा दिवस शनिवार, बाजाराचा होता. तरीहि शहराच्या मुख्य भागांतील दुकानदारांनीं आपण होऊन दुकानें बंद ठेविलीं. ५४ वर्षांपूर्वीं याच शहरानें त्या मनुष्याच्या तोंडावर कप्प्यांचीं दारें लावलीं होतीं. त्या दिवशीं लागलेल्या दारांचा अर्थ वेगळा होता.