आंधळ्याची काठी

मार्काच्या शुभवर्तमानातील बार्तीमयाचा प्रसंग आपण मिस्सेत अनेकदा ऐकला आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेला तो आंधळा भिकारी हाका मारू लागला, तेव्हा जमावाने त्याला दटावले. प्रभू येशू थांबला. पण स्वतः त्याच्याजवळ गेला नाही. जमावालाच त्याने बार्तीमयाला बोलावून आणावयास सांगितले. दृष्टी देणारा एकच होता. मात्र आंधळ्याला त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम त्याने भोवतालच्या माणसांवर सोपविले. पश्चिम आफ्रिकेतील नद्यांच्या काठी गेल्या पन्नास वर्षांत जे घडले, ते वाचताना या प्रसंगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

व्होल्टा नदीच्या खोऱ्यात एके काळी एक दृश्य नित्याचे होते. पुढे एखादे लहान मूल, मागे एक आंधळा वृद्ध, आणि दोघांच्या मध्ये एक काठी. काठीचे एक टोक मुलाच्या हाती, दुसरे वृद्धाच्या. वृद्धाची दृष्टी गेलेली असे आणि त्याला वाट दाखविणाऱ्या मुलाची शाळा बुडालेली असे. काही गावांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्म्यापर्यंत लोक आंधळे होते. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणारी एक काळी माशी चावली, की तिच्यावाटे एका कृमीची पिल्ले माणसाच्या शरीरात शिरत. तेथे वाढलेली मादी दहा ते पंधरा वर्षे जगे आणि लक्षावधी सूक्ष्म कृमींना जन्म देई. त्यांच्यामुळे कातडीला असह्य खाज सुटे; पुढे ते डोळ्यांत पोहोचत आणि दृष्टी जाई. म्हणूनच या रोगाला ‘नदीकाठचे अंधत्व’ असे नाव पडले. लोक नदीकाठची सुपीक जमीन सोडून उजाड माळावर राहावयास गेले. अंधत्वाच्या पाठोपाठ उपासमारही आली.

रोगाची ओळख जुनीच होती. ग्वातेमालातील कॉफीच्या मळ्यांत डॉ. रोडोल्फो रोब्लेस यांनी 1915 साली या कृमीचा डोळ्यांच्या विकाराशी असलेला संबंध दाखविला. बेल्जियन नेत्रवैद्य झाँ इसेत यांनी 1930च्या दशकाच्या प्रारंभी काँगोमध्ये तोच रोग ओळखला. परंतु रोगी गरीब, दूरच्या खेड्यांत राहणारे. त्यांच्यासाठी औषध शोधण्यात कोणाचाच फायदा नव्हता. 1972 साली जागतिक बँकेचे तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो, या देशात गेले. मुलांच्या मागे चालणारी आंधळी माणसे त्यांनी तेथे पाहिली. 1974 साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्य संस्थांनी मिळून सात देशांत मोहीम सुरू केली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर दर आठवड्याला अळीनाशक फवारले जाऊ लागले. माश्या घटल्या, परंतु ज्यांच्या अंगात कृमी आधीच शिरले होते, त्यांच्यासाठी हाती काहीच नव्हते.

ते औषध अनपेक्षित ठिकाणाहून आले. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी इतो गावाजवळच्या गोल्फ मैदानालगतची माती तपासली. तीत सापडलेल्या जिवाणूपासून अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांघोड्यांच्या कृमींवरील आयव्हरमेक्टिन हे औषध तयार केले. (ओमुरा आणि कॅम्बेल यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले.) तेच औषध माणसालाही उपयोगी पडेल, असा तर्क कॅम्बेल यांनी मांडला. त्याच कंपनीतील, मूळचे बांगलादेशचे डॉ. मोहम्मद अझीझ यांनी 1981 साली सेनेगलमधील डाकार येथे ते रोग्यांवर वापरून पाहिले. एकाच मात्रेने सूक्ष्म कृमी नाहीसे झाले. आता प्रश्न किमतीचा होता. ज्यांना ते हवे होते, त्यांच्यापाशी पैसा नव्हता. आणि त्यांच्यावतीने पैसे भरावयास कोणी पुढे येईना. अखेर ऑक्टोबर 1987 मध्ये कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी जाहीर केले, की या रोगासाठी लागेल तेवढे औषध, लागेल तितकी वर्षे, विनामूल्य दिले जाईल.

येथे कथा संपली असती, तर ती एका उदार दात्याची कथा ठरली असती. पण फुकट औषधालाही पाय नसतात. ते मोठ्या कृमीला मारीत नाही. म्हणून वर्षातून निदान एकदा, अनेक वर्षे घ्यावे लागते. जेथे रस्ता नाही तेथे ते कोण नेणार? सुरुवातीला स्वयंसेवी संस्था, सरकारी पथके आणि मिशनचे दवाखाने यांनी हा भार उचलला. पण बाहेरची पथके येत आणि जात. 1995 साली आफ्रिकेतील इतर देशांसाठी जी नवी मोहीम सुरू झाली, तिने वेगळा मार्ग धरला. वाटप कधी व्हावे, कोणी करावे, हे गावानेच ठरवावे. गावाने आपल्यातीलच माणूस निवडला. त्याला प्रशिक्षण मिळाले. वजनकाटा नव्हता, म्हणून खुणा केलेली एक काठी त्याच्या हाती आली. काठीशी उभे करून उंची पाहावयाची, आणि खुणेप्रमाणे एक ते चार गोळ्या द्यावयाच्या. लहान बालके आणि गरोदर स्त्रिया यांना वगळावयाचे. ज्या खेड्यांत काठी म्हणजे आंधळ्याची काठी होती, तेथे काठीचा अर्थ असा पालटला.

पश्चिम आफ्रिकेतील मोहीम 2002 साली संपली, तेव्हा सुमारे 6 लाख लोकांचे अंधत्व टळले होते आणि सुमारे 2.5 कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीयोग्य झाली होती. दुसरी मोहीम 2015 साली संपली. तोवर वर्षाला 10 कोटींहून अधिक लोकांना गोळ्या मिळू लागल्या होत्या. 2013 साली कोलंबिया या रोगातून मुक्त झालेला पहिला देश ठरला. 2025च्या प्रारंभी नायजर हा आफ्रिकेतील पहिला.

सरकार आणि खाजगी उद्योग यांच्या भागीदारीचे गोडवे गाताना हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 1998 साली औषध उद्योगानेच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला न्यायालयात खेचले, कारण त्या सरकारने स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला होता. तेव्हा एड्सने तेथे घरेच्या घरे ओस पडत होती. जगभर निषेध झाल्यावर 2001 साली तो दावा मागे घेण्यात आला. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील औषधे दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केली. दान दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्क तसा नसतो. म्हणून भागीदारीत सरकारने आपली जबाबदारी दात्याच्या गळ्यात घालून मोकळे होता कामा नये.

ही काठी आता आपल्याही राज्यात आली आहे. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत भारतात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नागपूर होता. त्या तिहींतले एक आयव्हरमेक्टिन, आणि त्याची मात्रा उंचीवरूनच ठरते. आरोग्य कर्मचारी दारी येतात आणि आपल्यासमोरच गोळ्या घ्यावयास सांगतात. “मला तर काहीच होत नाही, मग गोळी कशाला?” असे म्हणून दार लावून घेणे सोपे असते. परंतु धडधाकट माणसाने घेतलेली गोळी शेजाऱ्याच्या पायासाठी असते. शासनाने गोळी पुरविली, उद्योगाने ती बनविली, तरी शेवटची दहा पावले आपल्याच गल्लीतील असतात. यरीहोच्या जमावाने आधी दटावले आणि मग धीर देऊन बोलावलेही. त्या दोहोंपैकी काय करावयाचे, हे आजही जमावाच्याच हाती आहे.