मोडीत काढायच्या आधी: बायोसमधल्या एका छोट्या मॉड्यूलची गोष्ट

हेडफोन हाताशी नसलेल्यांसाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे" कमी केलेत.

आजची गोष्ट सुरू होते हुपरीत. कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, चांदीच्या पैंजणांचं गाव. माझ्या काकांचा तिथे छोटा कारखाना आहे. ऑफिसच्या कोपऱ्यात २००९ सालचा एक डेस्कटॉप. कोणत्या कारागिराला किती चांदी दिली, किती माल परत आला, मजुरी किती, घट किती, सगळा हिशोब त्यातच. डेटा जाऊ नये म्हणून दोन हार्ड डिस्क लावलेल्या आणि दोन्हींवर तोच हिशोब एकाच वेळी लिहिला जायचा. यालाच रेड-१ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी त्यातली एक डिस्क गेली. काका म्हणाले, आता बदलायचीच तर मोठी घेऊया. ३ टीबीच्या दोन नव्या डिस्क आणल्या, लावल्या, मशीन चालू केलं. स्क्रीनवर आकडा आला ७४६ जीबी.

काकांनी चष्मा पुसून परत बघितलं. "तीन हजार जीबीचे पैसे दिले आणि साडेसातशे मिळाले? एवढी घट आमच्या आटणीत पण येत नाही रं!"

दुरुस्तीवाल्याचं उत्तर सोपं होतं: मशीन जुनं झालंय, मोडीत काढा. पण डिस्क चांगली होती, प्रोसेसर चांगला होता, मदरबोर्डही चांगला होता. मग चुकत काय होतं? चुकत होता बायोसमध्ये बसलेला, दीडशे केबीच्या आतबाहेरचा एक कोडचा तुकडा. त्याला ऑप्शन रॉम म्हणतात. आज त्याचाच इतिहास.

१९८२ सालचं उघडं दार

आयबीएमचा पहिला पीसी आला १२ ऑगस्ट १९८१ ला. त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी, नाहीतर चक्क कॅसेट. त्याचा बायोस फक्त ८ केबीचा. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'शुभ सकाळ' यापेक्षा कितीतरी जड असतं. या बायोसला कीबोर्ड माहीत होता, फ्लॉपी माहीत होती. हार्ड डिस्क नावाचं काही असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग उद्या कुणी नवं कार्ड आणून लावलं, तर या बायोसला ते कसं कळणार? २७ ऑक्टोबर १९८२ तारखेच्या बायोसमध्ये आयबीएमने यावर उपाय केला. मशीन सुरू होताना बायोस मेमरीच्या एका ठरलेल्या पट्ट्यात दर २ केबीवर डोकावून बघायचा. तिथे ५५ आणि एए असे दोन बाइट दिसले, की समजायचं, इथे पाहुणा आहे. तिसऱ्या बाइटमध्ये पाहुण्याच्या सामानाचं माप. मग सगळ्या बाइटची बेरीज करायची. त्या बेरजेचा शेवटचा बाइट शून्य आला, तर माल खरा. हुपरीच्या भाषेत सांगायचं तर आधी टंच बघायचा, मगच माल आत घ्यायचा. बेरीज जुळली की बायोस काही क्षणांसाठी मशीनचा ताबा त्या पाहुण्याकडे द्यायचा.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिचं कंट्रोलर कार्ड झेबेक या कंपनीचं. त्या कार्डावर स्वतःची रॉम होती. ती सुरू झाली की काय करायची बघा. डिस्कचं काम सांगायचा जो ठरलेला रस्ता होता, इंटरप्ट १३, तो ती स्वतःकडे वळवून घ्यायची आणि जुन्या फ्लॉपीच्या कोडला इंटरप्ट ४० वर पाठवायची. म्हणजे पाहुणा आला, सोफ्यावर बसला आणि घरच्याला म्हणाला, तू जरा तिकडे सरक. पण घर मोडलं नाही. मूळ बायोसचा एक बाइटही न बदलता मशीनला हार्ड डिस्क समजायला लागली.

आपल्याकडे जुने हार्डवेअरवाले एक आठवण सांगतात. डॉसमध्ये डीबग उघडायचा आणि जी=सी८००:५ टाइप करायचं, की डिस्क फॉरमॅट करायचा मेनू यायचा. तो काही जादूचा मंत्र नव्हता. सी८०० हा या कंट्रोलरच्या रॉमचाच पत्ता होता. सरळ पाहुण्याच्या खोलीचं दार ठोठावायचं.

पाटलांची कंपनी

त्या काळचं डिस्क कंट्रोलर म्हणजे चिप्सनी भरलेलं लांबलचक कार्ड. ते आक्रसत आक्रसत एका चिपमध्ये कसं गेलं, या गोष्टीत एक आडनाव आपल्या ओळखीचं आहे. सुहास पाटील. जन्म जमशेदपूरचा, १९६५ मध्ये आयआयटी खरगपूरमधून इंजिनिअर, नंतर एमआयटीतून डॉक्टरेट. पुढे एमआयटीत आणि युटा विद्यापीठात शिकवलं. १९८१ मध्ये, म्हणजे आयबीएमचा पीसी आला त्याच वर्षी, त्यांनी सॉल्ट लेक सिटीमध्ये पाटील सिस्टिम्स काढली. चिप पटकन डिझाइन करण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. १९८४ मध्ये त्याच कंपनीची सिरस लॉजिक झाली आणि ती सिलिकॉन व्हॅलीत गेली. तिच्या सुरुवातीच्या यशात मोठा वाटा होता हार्ड डिस्क कंट्रोलरच्या चिप्सचा.

नव्वदच्या दशकातला पीसी ज्यांनी उघडलाय त्यांनी सिरस लॉजिकचं ग्राफिक्स कार्डही बघितलं असेल. त्या कार्डावरही ऑप्शन रॉम असायचीच. तीच ५५ एए वाली.

कंट्रोलर लहान झाल्यावर १९८६ च्या सुमारास तो थेट हार्ड डिस्कवरच जाऊन बसला. हे आयडीई. बाकीचा जोडणीचा भाग मदरबोर्डवर आला. कार्ड गेलं, मग कार्डावरची रॉम कुठे ठेवायची? मदरबोर्डच्याच बायोस चिपमध्ये, एक मॉड्यूल म्हणून. इथे आपल्या गोष्टीला वळण लागतं.

तीन हात, एक चिप

२००३ मध्ये इंटेलने आयसीएच५आर ही चिप आणली आणि साध्या मदरबोर्डवर इंटेलचं स्वतःचं रेड आलं. सुरू होताना स्क्रीनवर "कंट्रोल आणि आय दाबा" असं सांगणारा जो मजकूर यायचा, तो याच मॉड्यूलचा.

आता हे मॉड्यूल तुमच्यापर्यंत कसं येतं बघा. लिहिणार इंटेल. बायोसचा मूळ साचा देणार एएमआय, अवॉर्ड किंवा फिनिक्स. यातली एएमआय, म्हणजे अमेरिकन मेगाट्रेंड्स, १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जियात सुब्रमण्यन शंकर आणि पॅट शर्मा यांनी सुरू केली. आणि हे सगळं एकत्र बांधून फाइल देणार मदरबोर्ड बनवणारी कंपनी. इंटेलने मॉड्यूल सुधारलं तरी तिसऱ्या हाताने नवी फाइल काढली नाही, तर तुमच्यापर्यंत काहीच येत नाही. आणि बोर्ड दोनेक वर्षांचा झाला, की तो हात बहुतेक वेळा खिशात जातो.

काकांच्या बोर्डाचं हेच झालं होतं. शेवटचा बायोस २०१० चा. त्यातलं मॉड्यूल सेक्टर मोजायला ३२ बिट वापरत होतं. ३२ बिटमध्ये मावतात ४,२९,४९,६७,२९६ आकडे. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की सुमारे २.२ टीबी. त्यापुढे जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं परत शून्यापासून. ३ टीबीतून २.२ गेले, उरले सुमारे ०.८, आणि विंडोजच्या मोजणीत ते होतात ७४६ जीबी. काकांची 'घट' ती ही.

२०१२: लोकांनी स्वतःच पाना हातात घेतला

असा अनुभव जगभर अनेकांना येत होता. सगळ्यात गाजलेला प्रसंग २०१२ चा. एसएसडीला कोणती जागा रिकामी झालीय हे कळवणारी ट्रिम नावाची आज्ञा असते. ती मिळाली नाही, तर एसएसडी हळूहळू मंदावते. दोन एसएसडी रेड-० मध्ये जोडल्या, की ट्रिम त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. इंटेलने ड्रायव्हरच्या ११ व्या व्हर्जनमध्ये ती सोय केली, पण अधिकृतपणे फक्त नव्या ७ सिरीजच्या चिपसेटसाठी. एकच पिढी आधीचे ६ सिरीजवाले बाहेर.

मग काही नादिष्ट लोकांनी शोधून काढलं, की अडसर सिलिकॉनमध्ये नाहीच, तो बायोसमधल्या मॉड्यूलमध्ये आहे. इंटेलच्या डेस्कटॉप रेड कंट्रोलरचा ओळखक्रमांक अनेक पिढ्या एकच राहिला होता: ८०८६, २८२२. पहिला आकडा इंटेलचा, दुसरा कंट्रोलरचा. क्रमांक तोच, म्हणजे नव्या पिढीचं मॉड्यूल जुन्या बोर्डात बसू शकतं. एएमआयच्या बायोससाठी एमएमटूल आणि अवॉर्डसाठी सीबीरॉम अशी टूल्स होती. बायोस फाइल उघडायची, जुनं मॉड्यूल काढायचं, नवं घालायचं, सेव्ह. जुन्या बोर्डांवर ट्रिम चालू झाली.

पुढे हीच युक्ती एनव्हीएमई एसएसडीसाठी वापरली गेली. एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन २०११ चं. त्याआधीच्या यूईएफआय बोर्डांना अशा एसएसडीवरून बूट होताच येत नव्हतं. लोकांनी नव्या बोर्डातलं एनव्हीएमई मॉड्यूल जुन्यात घातलं आणि कितीतरी जुनी मशीन्स अशी तरली.

मीही काकांच्या मशीनवर हेच केलं. आधी हिशोबाच्या दोन कॉप्या वेगळ्या डिस्कवर घेतल्या. मग बायोसची आठ पायांची चिप सॉकेटमधून काढली आणि काही शे रुपयांच्या यूएसबी प्रोग्रॅमरने तिची प्रत घेतली. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही प्रती सारख्या आहेत का ते ताडून बघितलं. त्यानंतरच मॉड्यूल बदललं. नवं मॉड्यूल जुन्यापेक्षा मोठं असतं आणि चिपमध्ये जागा मोजकी, त्यामुळे सगळ्यात ताजं न घेता त्या चिपसेटला मानवणारं घेतलं.

पहिल्या प्रयत्नात स्क्रीन काळी. काका मागे उभे. "गेलं काय?"

"नाही काका, जुनी प्रत आहे माझ्याकडे. थांबा जरा."

जुनी प्रत परत लिहिली, मशीन उठलं. दुसऱ्यांदा थोडं जुनं मॉड्यूल घेतलं आणि या वेळी आकडा आला २७९४ जीबी. ३ टीबी विंडोजच्या मोजणीत एवढेच होतात. विंडोजसाठी २ टीबीच्या आतला एक भाग केला, उरलेली जागा हिशोबाला आणि डिझाइनच्या फोटोंना. विंडोजमधला ड्रायव्हरही नवा टाकावा लागला, कारण तोही त्याच ३२ बिटच्या जमान्यातला होता.

दार बंद का झालं

आता दुसरी बाजू. हे दार सगळ्यांनाच उघडं होतं. आधी बायोस ज्या चिपमध्ये असायचा, ती पुसायला तिच्या काचेतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पाडावा लागायचा. फ्लॅश चिप आल्यावर बायोस सॉफ्टवेअरमधून बदलता यायला लागला आणि त्याचा फायदा सीआयएच व्हायरसने घेतला. २६ एप्रिल १९९९ ला त्याने जगभर असंख्य मशीनच्या डिस्क खराब केल्या, आणि काही बोर्डांचा बायोसच पुसून टाकला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ट्रॅमेल हडसन या संशोधकाने थंडरस्ट्राइक दाखवलं. थंडरबोल्टला जोडायच्या छोट्या अ‍ॅडॅप्टरवर ऑप्शन रॉम असते. तिच्यातून त्याने मॅकच्या फर्मवेअरमध्ये शिरून दाखवलं. १९८२ चं तेच दार, पाहुणा मात्र चोर.

बेरीज शून्य येते का, एवढंच बघणारा टंच आता पुरेसा नव्हता. बेरीज तर चोरही जुळवू शकतो. म्हणून हॉलमार्कसारखी पद्धत आली. २०१२ पासून सिक्युअर बूटमध्ये मॉड्यूलवर डिजिटल सही लागायला लागली. २०१३ मध्ये इंटेलचं बूट गार्ड आलं. बोर्ड बनवणाऱ्याने ते चालू केलं असेल, तर बायोसचा संरक्षित भाग कुणी बदलल्यावर मशीन सुरूच होत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे सही का लागते हे मला पटतं. उद्या कुणी काकांच्या मशीनमध्ये नको ते मॉड्यूल घातलं, तर मला ते चालेल का? अजिबात नाही. पण सही करायचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याने दोन वर्षांनी पाठ फिरवली तर काय करायचं? तेव्हा कुलूप चोरालाही लागतं आणि घरमालकालाही. हुपरीत पैंजणाचं एक घुंगरू तुटलं, तर अख्खं पैंजण आटवत नाहीत. घुंगरू बदलतात, डाग देतात, पैंजण परत वाजायला लागतं. हे जमतं, कारण पैंजण जिचं आहे तिला ते कुठल्याही कारागिराकडे नेता येतं.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी "जुनं झालंय, मोडीत काढा" म्हणालं, तर एकच विचारा: नक्की कोणता भाग जुना झालाय? आणि स्वतः करून बघणार असाल, तर आधी बॅकअप, मग बायोसची प्रत, आणि लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएस. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर हात लावू नका.

काकांचं मशीन अजून चालू आहे. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याच्यावर चांदीच्या पावडरीचा थर होता आणि स्क्रीनवर हिशोब उघडा होता.

तुमच्या घरात किंवा दुकानात असं एखादं म्हातारं मशीन तग धरून असेल, तर त्याची गोष्ट मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, आणि बॅकअप घेत राहा!