घागरीखालची चार ढेकळं

जळगाव जामोद तालुक्यात पूर्णेच्या काठी भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातले महाराज इथे घट मांडतात. अठरा धान्यांचं गोल रिंगण, मधोमध खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, करंजी. खाली पानविडा आणि सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे मांडणीत काय हललं, काय भिजलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी ही रीत घातली, त्याला तीन-साडेतीनशे वर्षं झाली, असं गाव सांगतं.

भाकीत खरं ठरतं का, हा वाद जुना आहे. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यावर हरकत घेतली आहे, आणि मलाही ती पटते. दाणे हलवायला मुंग्या, उंदीर आणि वारा पुरेसे आहेत. पण घट चित्र म्हणून पाहिला, की त्याची अक्कल दिसते.

ढेकळं म्हणजे जून ते सप्टेंबर. ज्याला ओल जास्त, तो महिना पावसाचा. हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. पुरी गोल, म्हणून पृथ्वी. करंजी म्हणजे तिजोरी: पोट भरलेलं, कडा मुरडून बंद. सांडोळी-कुरडई म्हणजे गुरांचा चारा. कुरडईचा गुंता पाहिला की कडब्याची आठवण होतेच. पानविडा मात्र राजा, आणि तो राजासारखा मुळीच दिसत नाही. तिथे डोळ्याऐवजी रिवाज बोलतो, कारण विडा मानाचा. मसूर म्हणजे शत्रू, हे तर सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?

या खुणा आल्या कुठून? माझा तर्क साधा आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, या भागात घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात, तळण-गोडधोड होतं. भेंडवळचा घट म्हणजे तीच घरातली घागर शेतात नेऊन मांडलेली. म्हणून तर वाचायला वेगळी शाळा लागली नाही.

रिंगणाची गोष्ट आणखी वेगळी. जवळजवळचे ठिपके डोळा आपोआप एका गटात बांधतो, हे जर्मनीत मॅक्स वर्थायमर यांनी 1923 मध्ये लिहून ठेवलं. ज्वारीची रास नीट असेल तर ती एक वस्तू दिसते; चार दाणे बाहेर सांडले की नजर तिथेच अडते. रिंगण असल्यामुळे आत आणि बाहेर असा भेद आधीच आखलेला असतो. गोल नसता, तर सांडलेला दाणा नुसता सांडलेलाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी भाकीत वर्तमानपत्रांत छापून येतं: कापूस मध्यम, तूर चांगली, अशा ओळींत. बांधावर उभं राहिलेल्याला तूर कुठल्या बाजूला सरकली ते दिसलेलं असतं.