फर्स्ट चर्च, अहमदनगर

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मराठी भाषिक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळी, स्थापना १८३३. अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्हज, रीड व हर्वी हे मिशनरी १८३१ च्या अखेरीस नगर मुक्कामी आले. त्यांपैकी हर्वी १८३२ मध्येच पटकीने वारले. मंडळीचे आरंभीचे सभासद विद्वत्‌सभेतून नव्हे, तर मिशनच्या देखरेखीखालील दरिद्राश्रमातून आले. ज्या आंधळ्या-पांगळ्यांना पसाभर धान्यासाठी तेथे बसावे लागे, त्यांच्यातूनच ती उभी राहिली, ही गोष्ट मिशनच्या इतिहासात वास्तविक अग्रस्थानी असावयास हवी. मिशनऱ्यांचा ब्राह्मण सहकारी बाबाजी रघुनाथ १८३३ मध्येच निवर्तला. त्याचे चरित्र रीडने १८३६ मध्ये प्रसिद्ध केले.

१८५४ मध्ये हरिपंत खिस्ती यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि मंडळीचा कारभार एतद्देशीयांच्या हाती येऊ लागला. याच परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या घाटात बसविले : पूर्वरंग, आख्यान, टाळांचा ठेका सारे ओळखीचे, कथानायक मात्र नवा. परकी वाटणारा धर्म नगरच्या कानाला आपला वाटला, तो प्रवचनांपेक्षा या टाळांमुळे अधिक, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपल्या कारभारास स्वतः मुखत्यार. पुढे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व अशा काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या संयोगातून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी निर्माण झाली. ती १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली.